हवेची तहान आणि पाण्याचा ताळेबंद

(नाशिक येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



दुष्काळ म्हटला की आपली दृष्टी आभाळाकडे आणि धरणाच्या पातळीकडे जाते. परंतु पिकाला आणखी एका सावकाराचे देणे असते. तो सावकार म्हणजे कोरडी हवा. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तेवढे बाष्प तिला मिळाले नाही, तर ही उणीव ती पानांतून आणि मातीतून वसूल करते.

वनस्पती अशा वेळी पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण त्याच दारातून कर्बवायू आत येत असल्यामुळे अन्ननिर्मिती मंदावते, आणि बाष्पोत्सर्जन घटल्याने पान तापते. तहान टाळायची तर उपास पत्करावा लागतो! निवडुंग यातून मार्ग काढतो, तो रंध्रे रात्री उघडून. बाजरी अर्धवट मिटलेल्या रंध्रांतूनही पुरेसा कर्बवायू मिळवते. सिन्नर-येवल्याच्या कोरडवाहू जमिनीत ती टिकली, याचे हे एक कारण होय.

द्राक्षवेलीजवळ ही युक्ती नाही. निफाड-दिंडोरीत एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. पुढील हंगामाचे घड ज्या काड्यांवर यायचे, त्या काड्या ऐन उन्हाळ्याच्या हवेत वाढतात. म्हणून डॉगरिजसारख्या काटक खुंटावरील कलमे, ठिबक, आच्छादन, शेततळी हे उपाय आले. ते उपयुक्त आहेत. पण त्यांना भांडवल लागते. २०१६ साली शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आणली. पावसाचे वाहते पाणी अडवावे, हा शेततळ्याचा मूळ हेतू. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी विहिरीतून उपसलेले भूजल त्यात साठवले जाते. जमिनीखाली सुरक्षित असलेले, साऱ्या गावाचे पाणी वर येऊन एकाच्या मालकीचे होते; त्यातला वाटा तीच कोरडी हवा पिऊन टाकते आणि शेजारच्या अल्पभूधारकाची विहीर आटते.

यावर उपाय नाही असे नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने गावाच्या पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरवली, सिंचनासाठी बोअरवेल घेण्यास मनाई केली. असा जाहीर ताळेबंद प्रत्येक ग्रामसभेत मांडला जावा, आणि बाजरीची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी व्हावी, या मागण्या कार्यकर्त्यांनी गावोगाव नेल्या पाहिजेत. संकटात रंध्रे आवरण्याचे शहाणपण वेलीला उपजतच आहे. पंपाला ते नाही. ते समाजानेच आणावे लागेल.