यंत्राचा डोळा आणि घरचा उंबरठा
(चिखला येथील पालक-मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या चिखल्याच्या मँगनीज खाणीत उतरायचे तर आधी हजेरी लागते. आत कोण गेला, वर कोण आला, याची नोंद राहते. घराचेही तसेच. परक्या घरात परवानगी मागून, सलाम करूनच पाऊल टाकावे, ही तालीम सूरह नूरने दिली आहे. पण आज आपल्याच पैशाने आणलेल्या मोबाईलमधून आणि लॅपटॉपमधून परका माणूस न विचारता घरात डोकावू शकतो.

आणि तो चोरच असेल असेही नाही. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लोअर मेरियन शाळा-मंडळाने विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले होते. त्यांतल्या कॅमेऱ्यांनी मुलांची त्यांच्या घरातली छायाचित्रे न सांगता टिपल्याचे 2010 साली उघडकीस आले. हरवलेले लॅपटॉप शोधण्यासाठी ही सोय आहे, असा खुलासा झाला. पण अखेर 6,10,000 डॉलर देऊन तडजोड करावी लागली. मुलांना यंत्रे वाटणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने, आपणही, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

कॅमेऱ्याजवळचा दिवा लागला नाही म्हणजे कॅमेरा बंद, असे पुष्कळांना वाटते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 साली जुन्या मॅकबुकवर दिवा न लागता कॅमेरा चालवून दाखविला. तेव्हा पातळ कागदाची पट्टी चिकटवावी. 2016 साली खुद्द फेसबुकच्या मार्क झुकेरबर्ग यांच्या लॅपटॉपवर अशी पट्टी दिसली होती. मग आपल्याला संकोच कसला? जाड झाकणाने मात्र लॅपटॉप मिटताना स्क्रीन तडकू शकते. शिवाय पट्टीने डोळा झाकतो, कान उघडाच राहतो.

बहुधा दार आपणच उघडतो. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाईल दाबू नये. साध्या खेळाच्या अ‍ॅपला कॅमेरा आणि माइक कशाला हवा? फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अशा परवानग्या आज रात्रीच काढून टाकाव्यात.

आता जे बोलायला जड जाते ते बोलतो. 1 जानेवारी 2022 रोजी ‘बुल्ली बाई’ नावाच्या अ‍ॅपवर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे लिलावाला मांडली गेली. त्यासाठी कुणाच्या फोनमध्ये शिरण्याचीही गरज पडली नाही. स्त्रियांनी तक्रारी केल्या आणि मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांतच अटका केल्या; पकडलेल्यांत कॉलेजात शिकणारी मुले होती! अशी बातमी आली की आपल्या घरांत पहिला विचार येतो तो मुलीचा मोबाईल काढून घेण्याचा, कधी शाळाच बंद करण्याचा. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा पोरीला, हा कुठला न्याय? धमकी देणाऱ्याचे सारे बळ यातच असते की, पोर घरी सांगायला भिते.

कायदा तिच्या बाजूने आहे. संमतीवाचून कुणाच्या खाजगी अंगाचे चित्र घेणे वा पसरविणे याला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ई खाली 3 वर्षांपर्यंत कैद आहे. स्त्रिया व मुलांविषयीच्या अशा गुन्ह्यांची खबर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न सांगताही देता येते. मुलगी “अब्बा, असे असे झाले” म्हणाली, तर आधी पुरते ऐकून घ्या. संदेश पुसू नका, पैसे देऊ नका, आणि तिच्यासोबत ठाण्यात जा.