मातीच्या भांड्याचा पत्ता



पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. दिनकर गंगाधर केळकरांनी १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि समया, लामणदिवे अक्षरशः घरोघरी हिंडून जमवले. पितळेला मोडीतही भाव असतो, म्हणून ते पिढ्यान्‌पिढ्या घरात राहतं. पणतीचं तसं नाही. तेल पिऊन काळवंडली, कड उडाली की ती उकिरड्यावर जाते. त्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीची पणती कुणाच्या माळ्यावर मिळत नाही, ती जमिनीतूनच निघते. आणि जमिनीतून निघालेल्या वस्तूला संग्राहकानं हात लावताना दहादा विचार करावा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

मराठवाड्यात तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती, भांडी प्रेमानं जपली. त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आज तिथं उभं आहे. हा संग्रह गावातच राहिला, याचं मोल मला फार वाटतं. त्यातलीच एखादी मूर्ती मुंबईच्या बाजारात विकली गेली असती, तर ती ‘सातवाहन, बहुधा दख्खन’ एवढीच उरली असती.

शिरूर तालुक्यातलं इनामगाव घ्या. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. तांबूस पृष्ठावर काळी नक्षी, तोटीची भांडी: ही जोर्वे संस्कृतीची, तीन हजार वर्षांपूर्वीची खापरं. त्यांत दोन मोठे कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली आडवे पुरलेले सापडले. आत तान्ही बाळं होती. बाजारात त्यातला एकच कुंभ आला असता तर तो धान्याचा रांजण म्हणून खपला असता. त्या आईबापांना आपलं मूल घरातच हवं होतं, हे आपल्याला कळलं ते दोन कुंभ जिथल्या तिथे दिसले म्हणून.

चाकणहून नाशिक रस्त्यानं मंचरकडे गेलात की घोड नदीकाठी चांडोली लागते. शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांच्या तिथल्या उत्खननाचा अहवाल १९६५ साली निघाला. तिथल्या तांब्याच्या मण्यांत जवसाच्या धाग्याचे अवशेष टिकून होते. हौसेनं कुणी मणी चिंचेनं घासले असते तर धागा गेला असता.

चाकणच्या आसपास, आपल्या पट्ट्यात रोज जेसीबी चालतो. भामा, इंद्रायणी, पवना यांच्या काठी पाया खणताना खापरं वर आली, तर धुऊ नका. आतल्या थरात अन्नाचे अंश असू शकतात. जागच्या जागी फोटो काढा, किती खोल होतं ते मोजा, गट नंबर लिहा. १८७८च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तहसील कार्यालयातून पुरातत्त्व विभागालाही कळवता येतं. तोवर त्या खड्ड्यातलं काम थांबवायला मुकादमाला सांगा.