मोटारीचा पहारेकरी



दिवाळीच्या रात्री एखाद्या गल्लीत मोठा फटाका फुटतो आणि कडेला उभी असलेली मोटार एकाएकी कर्कश आवाजात ओरडू लागते. तिचे दिवे उघडझाप करतात, निजलेली मुले दचकून उठतात. चोर मात्र आसपास कोठेच नसतो. मग या यंत्राला जाग येते ती कशाने, आणि जागे झाल्यावर ते नेमके करते काय?

मालकाने किल्लीवरील कळ दाबून दारे बंद केली, की या पहाऱ्यास प्रारंभ होतो. मोटारीत एक छोटासा विद्युत्-नियंत्रक दडविलेला असतो. दारे, बॉनेट आणि डिकी यांच्यापाशी बसविलेल्या बारीक खटक्यांच्या तारा त्याच्याकडे आलेल्या असतात. कुलूप रीतसर न काढता दार उघडले गेले, तर खटक्याची स्थिती बदलते आणि ती वार्ता तत्क्षणी नियंत्रकास पोहोचते.

पण चोराने दार न उघडता काच फोडली तर? त्याकरिता आघात ओळखणारा संवेदक असतो. अशा पुष्कळ संवेदकांत एक विशेष पदार्थ वापरतात. त्यावर दाब पडला किंवा त्यास कंप सुटला, की त्यात किंचित वीज उत्पन्न होते. स्फटिकांचा हा गुण प्येर क्यूरी आणि त्यांचे बंधू झाक यांनी १८८० साली दाखवून दिला होता.

काही मोटारींत याहूनही सूक्ष्म योजना आढळते. सेकंदास सुमारे ४०,००० कंपने असलेला ध्वनी गाडीच्या आत सोडला जातो आणि त्याचा प्रतिध्वनी सतत तपासला जातो. २०,००० कंपनांच्या पलीकडचा ध्वनी माणसाच्या कानास ऐकू येत नाही, म्हणून चोरास याचा पत्ताही लागत नाही. फुटक्या काचेतून हात आत शिरला, की प्रतिध्वनी बदलतो. गाडी उचलून किंवा ओढून नेऊ लागल्यास तिचा कल बदलतो. तोही काही गाड्यांत टिपला जातो.

इशारा मिळताच नियंत्रक भोंगा वाजवितो आणि दिवे लुकलुकवितो. साधारणतः अर्ध्या मिनिटाने भोंगा थांबतो. पुन्हा छेडछाड झाली, तर पुन्हा वाजतो. चोराने बॅटरीची तार तोडली तरी आवाज बंद पडू नये, म्हणून काही भोंग्यांच्या पोटात स्वतंत्र लहान बॅटरी ठेवलेली असते.

या पहारेकऱ्याची उणीव एकच. त्याला धक्का कळतो, धक्का देणाऱ्याचा हेतू कळत नाही. फटाक्याचा हादरा, जड ट्रकची धडधड आणि चोराचा हातोडा यांतील भेद त्याला नेहमीच करता येतो असे नाही. बॅटरी क्षीण झाली किंवा बॉनेटचा खटका गंजला, तरीही तो विनाकारण ओरडतो. शिवाय तो स्वतः चोरास धरीत नाही. तो केवळ माणसांना हाक मारतो. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे शेजारी दोनदा धावतात. तिसऱ्यांदा खिडकी लावून घेतात.

भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. भोंग्याचा जवळून येणारा आवाज तर १०० डेसिबलच्याही वर जातो. त्या वस्तीत कोणी आजारी असते, कोणाची पहाटे परीक्षेस जाण्याची तयारी असते.

म्हणूनच आवाज न करणाऱ्या दुसऱ्या पहाऱ्याचे मोल अधिक आहे. त्यास ‘इमोबिलायझर’ म्हणतात. किल्लीच्या मुठीत एक इवलीशी चकती असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. किल्ली कुलपात घातली, की भोवतालच्या तारेच्या कड्यातून तिला प्रवर्तनाने वीज मिळते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढलेले तत्त्व ते हेच. मग ती चकती आपला सांकेतिक अंक कळविते. अंक जुळला तरच इंजिन चालू राहते. युरोपीय संघात १९९८ पासून नव्या मोटारींना हे साधन सक्तीचे झाले आणि त्यानंतर तेथील मोटारचोऱ्या पुष्कळ घटल्या. अर्थात चोरही स्वस्थ बसलेले नाहीत. कुलपात न घालता चालणाऱ्या नव्या किल्ल्यांचा संदेश दुरून झेलून पुढे पाठविण्याची युक्ती त्यांनी साधली आहे. अशी किल्ली रात्री धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवणे हिताचे.

भोंगा निरुपयोगी आहे, असे मात्र नव्हे. संवेदकाची तीव्रता कारागिराकडून बेताची करून घ्यावी, खटके व बॅटरी वेळोवेळी तपासावीत. आणि भोंगा वाजला, तर सर्वांआधी मालकाने उठून खाली यावे. आपल्या मोटारीच्या हाकेला जो स्वतः ओ देत नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्यांनी मध्यरात्री अंथरूण का सोडावे?