पुस्तिकेतली खुणेची जागा

(वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

अमेरिकेत स्वतःच्या हातांनी छोटं विमान बांधणाऱ्या आणि त्यातला रेडिओ, दिशादर्शक, इंजिनाचे मापक स्वतःच जोडणाऱ्या हौशी माणसांची मोठी परंपरा आहे. पॉल पोबेरेझ्नी यांनी 1953 साली मिलवॉकीत सुरू केलेली एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन ही त्यांची मुख्य संघटना. विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला दर उन्हाळ्यात तिचा मेळा भरतो. जोडणीची पुस्तिका कागदावर हवी की पडद्यावर, हा या मंडळींपुढचा रोजचा प्रश्न आहे. त्याचा विचार हीथकिटपासून सुरू करावा लागतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या किटसाठी गाजलेली ही कंपनी मुळात विमानांची. एडवर्ड हीथ यांनी 1920च्या दशकात ‘पॅरासोल’ नावाचं एकआसनी विमान सुट्या भागांत विकायला काढलं. त्याला हेंडरसन मोटरसायकलचं इंजिन बसवत. 1931 साली नव्या विमानाची चाचणी घेताना हीथ यांचा अपघाती मृत्यू झाला. बुडालेली कंपनी हॉवर्ड अँथनी यांनी 1935 साली विकत घेतली आणि मिशिगनमधल्या बेंटन हार्बरला नेली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याकडचे उरलेले इलेक्ट्रॉनिक भाग स्वस्तात मिळू लागले. अँथनींनी ते घेतले आणि 1947 साली 39 डॉलर 50 सेंटला ऑसिलोस्कोपचं किट बाजारात आणलं. तयार ऑसिलोस्कोपला तेव्हा शेकडो डॉलर पडत.

किट स्वस्त होतं, पण ते ज्याच्या हातून पूर्ण व्हायचं त्याला सोल्डरिंग येत असेलच असं नव्हतं. ती उणीव पुस्तिकेनं भरून काढली. प्रत्येक पायरी एकाच कृतीची असे: अमुक रंगाच्या पट्ट्यांचा रेझिस्टर घ्या, त्याचं एक टोक या खुंटीला आणि दुसरं त्या खुंटीला लावा. इथे आताच सोल्डर करायचं की अजून तारा यायच्या आहेत, हेही तिथेच सांगितलेलं असे. सोल्डर करायचं असेल तर त्या जागी किती तारा जमलेल्या असायला हव्यात, तो आकडा दिलेला असे. तीन हव्यात आणि दोनच दिसल्या, तर मागे काहीतरी सुटलं आहे हे जोडणाऱ्याला जागच्या जागी कळे. मोठी चित्रं घडीच्या पानांवर असत. ती उलगडून समोरच्या भिंतीला लावता येत.

आणि प्रत्येक पायरीच्या आधी एक रिकामा कंस असे. पायरी वाचायची, काम करायचं, कंसात पेन्सिलनं खूण करायची आणि मगच पुढे जायचं.

याच शिस्तीचं मोल विमानविद्येनं फार मोठी किंमत देऊन ओळखलं होतं. 30 ऑक्टोबर 1935 रोजी ओहायोमधल्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 हे नवं बाँबर विमान उड्डाण करताच कोसळलं. जमिनीवर असताना सुकाणूचे पृष्ठभाग वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. विमान हाकणारी माणसं अनुभवी होती, तरीही हे घडलं. त्यानंतर वैमानिकाच्या हाती तपासयादी आली. दमलेल्या डोक्याला सगळं आठवेलच असं गृहीत धरायचं नाही, हा तिच्यामागचा विचार. हीथकिटच्या कंसामागेही तोच विचार दिसतो.

पडद्याची बाजूही तितकीच भक्कम आहे. ‘स्ट्रॅटक्स’चंच पाहा. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि स्वस्त यूएसबी रिसीव्हर जोडून हौशी लोकांनी हे यंत्र तयार केलं. आसपासच्या विमानांचे 1090 मेगाहर्ट्‌झवरचे संदेश आणि अमेरिकेत 978 मेगाहर्ट्‌झवर मिळणारी हवामानाची माहिती ते वैमानिकाच्या टॅबलेटवर दाखवतं. त्याचं सॉफ्टवेअर बदलत राहतं. आज छापलेली पुस्तिका पुढच्या आवृत्तीला जुनी ठरते. डायनन आणि गार्मिन या कंपन्यांच्या हौशी विमानांसाठीच्या पडद्यांचंही तसंच आहे. त्यांच्या जोडणीच्या पुस्तिका शेकडो पानांच्या आहेत आणि सुधारून पुन्हा प्रसिद्ध होतात. एवढ्या पानांत एखाद्या पिनचं काम दोन सेकंदांत शोधून देणं फक्त पडद्यालाच जमतं.

मात्र हँगरमधलं काम वेगळं असतं. माणूस पाठीवर झोपून पॅनेलखाली शिरलेला असतो, दोन्ही हात गुंतलेले असतात. समोर 37 पिनांचा कनेक्टर असतो आणि तो पुढून पाहिला की मागून, यावर पिनांचे आकडे डावी-उजवीकडे उलटतात. मोबाइलच्या पडद्यावर आराखडा मोठा केला की एक कोपरा दिसतो, पण तार कुठून निघून कुठे जाते ते नजरेत राहत नाही. साध्या छपाईयंत्रावर तोच आराखडा काढला तर मोठ्या कागदासाठी आखलेली अक्षरं वाचता येत नाहीत.

कागदावरची माहिती जुनी ठरते, यावर मात्र एक जुना तोडगा आहे. कॅन्ससमधल्या विचिटाचे बॉब नकल्स यांनी हौशी बांधकाम्यांसाठी ‘एअरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ हे विमानाच्या विद्युतव्यवस्थेवरचं पुस्तक लिहिलं. ते सुट्या पानांचं होतं. सुधारणा झाली की जुनं पान काढायचं, नवं घालायचं. शेवटच्या परिशिष्टातले आराखडे बांधकामी लोक ‘झेड आकृत्या’ म्हणून ओळखतात. त्यातला जवळचा आराखडा निवडून तो आपल्या विमानापुरता बदलून घेतात.

इथे मुख्य मुद्दा येतो. छापील पुस्तिका माहिती देते आणि झालेल्या कामाची नोंदही ठेवते. अमेरिकी नियमांनुसार हौशी विमानाचा मोठा भाग बांधणाऱ्यानं शिक्षणासाठी किंवा छंद म्हणून स्वतः केलेला असावा लागतो. प्रमाणपत्र देणारा तपासनीस त्यासाठी कामाच्या नोंदी पाहतो. मुख्य बांधकाम्याला पुढे त्याच विमानाच्या वार्षिक तपासणीचा परवानाही मिळू शकतो. दहा वर्षांनी विमान दुसऱ्याच्या हाती गेलं आणि उड्डाणात रेडिओ बंद पडला, तर नव्या मालकाला कंपनीची ताजी पुस्तिका पुरत नाही. या विमानात तार प्रत्यक्षात कुठून नेली आहे, हे त्याला कळायला हवं. ते फक्त बांधणाऱ्याच्या खुणांत आणि दुरुस्त्यांत असतं.

हीथकिटनं 1992 साली किट बंद केली. तिच्या पुस्तिका आज वाचायला मिळतात त्या बहुतांशी हौशी लोकांनी स्कॅन करून ठेवल्या म्हणून. कागदाला पडद्यानंच वाचवलं, आणि कित्येक स्कॅनमध्ये पहिल्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणाही टिकल्या आहेत.

म्हणून उत्पादकांकडे मागणी नेमकी करायला हवी. संपूर्ण पुस्तिका पडद्यावर द्या, पण जोडणीच्या पायऱ्या आणि पिनांचे तक्ते साध्या कागदावर नीट छापले जातील अशा मापात वेगळे द्या. प्रत्येक पानावर आवृत्ती आणि तारीख असू द्या, पायरीपुढे खुणेची जागा ठेवा आणि नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी पहिल्याच पानावर द्या. बांधणाऱ्यानं ज्या आवृत्तीवरून काम केलं तिची फाइल जपून ठेवावी, आणि खुणा केलेली पानं विमानाच्या नोंदवहीबरोबर पुढच्या मालकाच्या हाती द्यावीत.