नरक्या आणि कर्करोगाचा प्रसार
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कर्करोगाचे नाव घरात काढावयाचे नाही, असा आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांचा प्रघात आहे. त्यामुळे रोगी वैद्यापुढे येतो तेव्हा रोग मूळ जागा सोडून यकृतात, फुप्फुसात वा हाडांत जाऊन बसलेला असतो. या रोगाचे बहुतेक बळी मूळ गाठीने नव्हे, तर या प्रसारानेच जातात. तो रोखण्यास निसर्गाने कोणती द्रव्ये सुचविली, एवढेच आज सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

नंदुरबारचे मनसुख वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून अमेरिकेस गेले. मनरो वॉल यांच्यासमवेत त्यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे काढले व १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. पेशी दुभंगण्यापूर्वी डीएनएचा पीळ सोडविणारे जे विकर असते, त्यालाच हे द्रव्य जखडून टाकते. परंतु ते पाण्यात विरघळेना. त्याचा क्षार करून रोग्यांस दिला, तर तो मूत्राशयास जाचला आणि प्रयोग थांबले. रसायनज्ञांनी मूळ सांगाडा राखून त्यास नव्या जोडण्या दिल्या, तेव्हा कोठे १९९६ साली अमेरिकेत टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे मान्य झाली. पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगावर इरिनोटेकॅन आजही देतात. साधारण तीस वर्षांची ही तपश्चर्या होय!

मायग्रास्टॅटिनचा मार्ग निराळा. २००० साली जपानी संशोधकांना ते एका सूक्ष्म जंतूपासून लाभले. पेशीस न मारता ते तिचे चालणे अडविते. न्यूयॉर्कच्या डॅनिशेफ्स्की यांच्या चमूने त्याचा पसारा छाटून साधे रेणू घडविले. ते मूळाहून प्रभावी निघाले. २००५ साली उंदरांतील स्तनकर्करोगाचा प्रसार त्यांनी पुष्कळ आवरल्याचे प्रसिद्ध झाले. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे, हे अर्थातच ध्यानी ठेवावे.

आता घरची गोष्ट. कॅम्प्टोथेसिन आपल्या सह्याद्रीतील नरक्यातही असते. गोविंदाचारी यांनी ते १९७२ साली दाखविले. दुर्गंधामुळे हिणविलेले हे झाड पुढे चोरट्या व्यापारात पार ओरबाडले गेले. काही मंडळी त्याच्या सालीचा काढा घेण्याचा सल्ला देतात, असे कानी येते. जे द्रव्य शुद्ध स्वरूपातही रोग्यांस सोसले नाही, ते अंदाजाने उकळून पिणे हा शुद्ध अविचार आहे. कोकणात वा घाटमाथ्यावर ज्या सभासदांची जमीन आहे, त्यांनी मात्र बांधावरचा नरक्या दलालास विकू नये. बी धरू द्यावे आणि रोपांसाठी वनखात्याशी पत्रव्यवहार करावा.