आपल्या खर्चाला शोभेल असं कार्ड
(खातेदार मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली. त्यामुळे कार्डाच्या बाबतीत मी कधी फसणार नाही असं घरच्यांना वाटायचं, आणि मलाही. म्हणून आधी माझीच गोष्ट सांगतो.

निवृत्तीच्या दोन वर्षं आधी मी एक क्रेडिट कार्ड घेतलं. त्यावर विमानप्रवासाचे पॉइंट होते आणि विमानतळावरच्या लाउंजमध्ये चहा-नाश्ता मोफत होता. वार्षिक शुल्क १,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,१८० रुपये. वर्षात एक लाखाचा खर्च केला तर हे शुल्क माफ. वर्ष संपायला आठ दिवस उरले तेव्हा मी हिशेब केला, तर खर्च ८२,००० झाला होता. मी दुकानात गेलो आणि १८,००० रुपयांचा टीव्ही घेऊन आलो. घरातला टीव्ही चांगला चालत होता. बायको म्हणाली, "अहो, अकराशे ऐंशी वाचवायला अठरा हजार घालवलेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षभरात मी विमानात बसलो तो एकदाच, भाचीच्या लग्नाला. तेव्हाही लाउंज सापडेपर्यंत विमानाची वेळ झाली होती.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय! पण कार्ड वाईट नव्हतं बरं का. महिन्याला दोनदा विमानाने जाणाऱ्या माणसाला ते उत्तमच होतं. माझ्या कामाचं मात्र नव्हतं. आज मला एवढंच सांगायचं आहे: कार्ड आपल्या खर्चाला शोभेल असं घ्यावं, कार्डाला शोभावा म्हणून खर्च करू नये.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा

दर महिन्याचं पूर्ण बिल देय तारखेच्या आत मी भरू शकतो का? उत्तर "हो" असेल तरच पॉइंट आणि कॅशबॅकचा विचार करायचा. उत्तर "बहुतेक" असेल तर थांबायचं.

कारण ऐका. समजा, तुमचं बिल २०,००० रुपयांचं आहे आणि तुम्ही फक्त "किमान देय रक्कम", म्हणजे १,००० रुपये भरलेत. पुष्कळांना वाटतं, किमान रक्कम भरली की झालं. किमान रक्कम भरल्याने उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. ते सहसा खरेदीच्या दिवसापासून लागतं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के, असा दर धरू. उरलेल्या १९,००० रुपयांवर चाळीस दिवसांचं व्याज सुमारे ८७५ रुपये होतं. त्यावर १८ टक्के जीएसटी १५७ रुपये. झाले १,०३२. शिवाय बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज दूध आणलंत तरी त्यावर आजपासून व्याज.

कार्डावर एटीएममधून रोख काढली तर तिला बिनव्याजी मुदत मुळीच नसते, आणि रोख काढण्याचं शुल्क वेगळं. ते टाळाच.

मग तीन महिन्यांचा खर्च मांडा

पासबुक, यूपीआयचा हिशेब आणि घरखर्चाची वही घेऊन बसा. किराणा किती, पेट्रोल किती, वीज-गॅस-मोबाइल किती, रेल्वेची तिकिटं किती, ऑनलाइन खरेदी किती, सगळं कागदावर लिहा. जी रक्कम सर्वांत मोठी आणि दर महिन्याला ठरलेली, तिच्यावर सवलत देणारं कार्ड तुमचं. दिवाळीत एकदाच होणाऱ्या खरेदीवरून कार्ड ठरवू नका.

एखादा औषध कंपनीचा प्रतिनिधी रोज साठ किलोमीटर मोटारसायकल चालवत असेल, तर त्याला इंधनाचं कार्ड उपयोगी. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम यांच्या नावाने बँकांची अशी कार्डं निघतात. पण ज्याची स्कूटर आठवड्यातून एकदा बाहेर निघते, त्याला त्यातून काय मिळणार? नोकरीसाठी बंगळूरला राहून वर्षातून चार-पाच वेळा गावी येणाऱ्याने आयआरसीटीसीच्या नावाने निघणारी रेल्वेची कार्डं पाहावीत. ज्यांचा सगळा खर्च कोपऱ्यावरच्या दुकानात क्यूआर कोडवर होतो, त्यांनी यूपीआयला जोडता येणारं रुपे क्रेडिट कार्ड पाहावं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये ही सोय खुली केली. त्यावरून दुकानदाराला पैसे देता येतात, भावाला किंवा मित्राला पाठवता येत नाहीत.

आणि ज्यांचा खर्च सगळीकडे थोडा थोडा आहे, त्यांनी साधं कॅशबॅकचं, बिनशुल्काचं कार्ड घ्यावं. आपल्यापैकी बहुतेकांचं काम एवढ्यात भागतं.

पॉइंटचे रुपये करा

जाहिरातीत पॉइंट मोठे दिसतात. आपण त्यांना रुपयात आणायचं. उदाहरण घेऊ. कार्डावर १०० रुपयांना एक पॉइंट मिळतो आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे आहे. तुम्ही महिन्याला २०,००० रुपये खर्च करता. महिन्याला २०० पॉइंट, म्हणजे ५० रुपये. वर्षाचे ६०० रुपये. आता वार्षिक शुल्क ४९९ रुपये असेल, तर जीएसटी धरून ते ५८९ होतं. हातात उरले अकरा रुपये! त्यात पॉइंट वापरताना बँक ९९ रुपये अधिक जीएसटी घेत असेल, तर ११७ रुपये गेले. म्हणजे वर्षभर दोन लाख चाळीस हजार खर्च करून आपणच १०६ रुपये देणं लागलो.

आणि मघाचं व्याज आठवा. एकदा फक्त किमान रक्कम भरली की १,०३२ रुपये. वर्षभराची सगळी कमाई एका बिलात गेली, वर आणखी गेले.

म्हणून कार्ड घेताना चार गोष्टी विचारून घ्या. एक, पॉइंटचे रुपये किती, आणि ते बिलातून वजा होतात की फक्त ठरावीक वस्तूंवरच वापरता येतात? दोन, कोणत्या खर्चावर पॉइंट मिळत नाहीत? अनेक कार्डांवर घरभाडं, विम्याचा हप्ता, वॉलेटमध्ये भरलेले पैसे किंवा पेट्रोल वगळलेलं असतं. तीन, महिन्याला जास्तीत जास्त किती कॅशबॅक मिळतो? "पाच टक्के" मोठ्या अक्षरात असतं आणि "महिन्याला कमाल १०० रुपये" बारीक अक्षरात. तसं असेल तर २,००० रुपयांच्या पुढच्या खर्चावर काहीच नाही. चार, पॉइंटची मुदत किती? हे सगळं कार्डासोबतच्या "सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती" या कागदावर असतं. फोनवर गोड बोलणाऱ्याला सांगा, "आधी तो कागद पाठवा."

तुमचे हक्क

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, तुम्ही मागितल्याशिवाय कोणी तुमच्या नावाने क्रेडिट कार्ड काढू शकत नाही. कार्ड जारी झाल्यापासून तीस दिवसांत तुम्ही ते सुरू केलं नाही, तर बँकेने ओटीपीने तुमची संमती मागायची. तुम्ही ती दिली नाहीत, तर कोणतंही शुल्क न घेता खातं बंद करायचं. तेव्हा भिडेखातर घेतलेलं कार्ड पाकिटात तसंच पडलं असेल, तर तो ओटीपी कोणालाही देऊ नका.

कार्ड नको असेल तर सगळी बाकी भरून बंद करण्याचा अर्ज द्या. बँकेने तो सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायचा. न केल्यास दर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यायचे. मात्र अर्जाआधी साठलेले पॉइंट वापरून घ्या. कार्डाबरोबर तेही जाऊ शकतात.

बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत.

शेवटी माझ्या त्या कार्डाचं काय झालं ते सांगतो. दुसऱ्या वर्षाचं शुल्क लागण्याआधी मी ते बंद केलं. आता एकच कार्ड आहे, वार्षिक शुल्क नसलेलं. किराणा आणि विजेचं बिल त्यावर, आणि पूर्ण बिल देय तारखेला बचत खात्यातून आपोआप वळतं होतं. वर्षाला काहीशे रुपये सुटतात. फार नाहीत, पण त्यासाठी मी एकही जास्तीची वस्तू घेत नाही. तो टीव्ही मात्र अजून आहे. पाहुणे आले की बायको त्याची गोष्ट न चुकता सांगते.

आज घरी गेल्यावर एवढं करा: पाकिटातलं कार्ड काढा, मागच्या वर्षी त्याचं शुल्क आणि व्याज किती गेलं आणि सवलत किती मिळाली, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. पहिला आकडा मोठा निघाला, तर ते कार्ड तुमचं नाही.