उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत



‘उंटावरून शेळ्या हाकणे’ हा वाक्प्रचार आपण थट्टेने वापरतो. पण त्यात थट्टेपेक्षा निरीक्षण अधिक आहे. उंटावर बसलेल्याला दूरचे क्षितिज दिसते, कळपातली लंगडणारी शेळी मात्र दिसत नाही. मोठ्या आस्थापनेचे व्यवस्थापन असे उंटावर चढले की काय घडते, हे अमेरिकेतील बोइंग या विमान कंपनीच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१९१६ साली सिएटल शहरात ही कंपनी स्थापन झाली. कित्येक दशके तिचे संचालक, अभियंते आणि कामगार एकाच परिसरात वावरत होते. १९९७ मध्ये मॅकडोनेल डग्लस ही प्रतिस्पर्धी कंपनी तिच्यात विलीन झाली. त्यानंतर विमानापेक्षा समभागाच्या भावाला अधिक महत्त्व आले, अशी खंत अनेक जुन्या अभियंत्यांनी व्यक्त केली आहे. २००० साली तेथील अभियंते व तंत्रज्ञ ४० दिवस संपावर गेले. प्रश्न वेतनाचा होता, तसाच सन्मानाचाही होता. पुढच्याच वर्षी कंपनीचे मुख्यालय शिकागोला हलविण्यात आले. विमाने सिएटलच्या परिसरात घडत राहिली आणि निर्णय अडीच हजार किलोमीटरहून अधिक अंतरावर होऊ लागले.

पुढे ७३७ मॅक्स या विमानाची आखणी झाली. त्याचे नाक आपोआप खाली वळविणारी एक संगणकीय प्रणाली केवळ एका सेन्सरच्या संकेतावर चालणार होती. तो एकच सेन्सर बिघडला तर काय, असा प्रश्न कंपनीच्याच एका अभियंत्याने २०१५ मध्ये लेखी विचारला होता. तरीही रचना बदलली नाही. जून २०१८ मध्ये कारखान्यातील एका वरिष्ठ व्यवस्थापकाने, माणसे थकली आहेत, चुका वाढत आहेत, काही काळ उत्पादन थांबवावे, असे वरिष्ठांना कळविले. उत्पादन थांबले नाही.

२९ ऑक्टोबर २०१८ रोजी इंडोनेशियात आणि १० मार्च २०१९ रोजी इथिओपियात अशी दोन विमाने कोसळली. ३४६ जीव गेले. दोन्ही वेळी एका सेन्सरच्या चुकीच्या संकेतावर तीच प्रणाली कार्यरत झाली होती. अभियंत्याच्या प्रश्नाला असे भीषण उत्तर मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. कर्मचारी बोलले नाहीत, असे झाले नाही. ते बोलले, त्यांचे बोलणे निर्णयापर्यंत पोहोचले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील तज्ज्ञ समितीने सुरक्षेच्या बाबतीत वरिष्ठ व्यवस्थापन आणि इतर कर्मचारी यांच्यात दुरावा असल्याचे नमूद केले. दोष दाखविल्यास आपल्यावर सूड उगवला जाईल, ही शंकाही तिला आढळली. त्याआधी, ५ जानेवारी रोजी, उडत्या विमानाच्या बाजूचा एक भाग निखळून पडला होता. तो जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट कारखान्यात पुन्हा बसविलेच गेले नव्हते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सूत्रे स्वीकारणाऱ्या नव्या प्रमुखाने सिएटल येथेच राहण्याचे ठरविले. निर्णय योग्य होता. परंतु तो फार मोठी किंमत मोजून झाला.

आपल्यापैकी कोणी पतसंस्थेचे संचालक असतील, कोणी शाळेच्या व्यवस्थापनात असतील, कोणाच्या कारखान्यात दहा माणसे राबत असतील. आपल्या हातून विमान पडणार नाही, हे खरे. पण बुडीत कर्जाची चाहूल प्रथम वसुली करणाऱ्या कर्मचाऱ्याला लागते आणि वर्गाच्या भिंतीला गेलेला तडा प्रथम शिपायाला दिसतो. तो सांगायला आला असता त्याला बसायला खुर्ची मिळते की ‘तुमचे काम तुम्ही करा’ हे उत्तर मिळते, यावरून त्या संस्थेची कार्यसंस्कृती ओळखावी. वार्षिक अहवालातील सुभाषितांवरून ती कळत नाही.

उंटावरून खाली उतरण्याने अधिकार कमी होत नाही. कळपाची खरी स्थिती मात्र तेथूनच दिसते.